आधी पोलाद, मग पूल: सेंट लुईस, १८६७ ते १८७४

पार्श्वभूमी

अमेरिकेच्या औद्योगिकीकरणाची गोष्ट सांगताना आपण थेट बेसेमरच्या भट्टीपाशी जातो. १८५६ साली हेन्री बेसेमरने पेटंट घेतलं, पोलाद स्वस्त झालं, रूळ पडले, उंच इमारती उठल्या. क्रम ऐकायला सरळ आहे, परीक्षेत लिहायलाही सोपा. पण १८६७ मध्ये एखादा अभियंता अमेरिकेतल्या कारखान्यात जाऊन म्हणाला असता की मला पुलासाठी पोलाद हवंय, अमुक इतका दाब झेलणारं आणि प्रत्येक तुकडा सारखाच, तर त्याला कोणी उभं केलं नसतं. पोलाद होतं ते चाकू, हत्यारं, स्प्रिंगांसाठी, आणि नुकतंच रुळांसाठी. पूल व्हायचे ते लाकडाचे, दगडाचे, बीडाचे किंवा घडीव लोखंडाचे.

असा एक अभियंता खरोखरच कारखान्यांच्या दारात जाऊन उभा राहिला. जेम्स ब्युकॅनन ईड्स. पुढचं प्रकरण त्याच्या सेंट लुईसच्या पुलाचं आहे. सगळं सार्वजनिक नोंदीतलं असल्यामुळे नावं लपवण्याचं कारण नाही. नदीखाली मेलेल्या मजुरांची नावं मात्र मी गाळली आहेत.

सेंट लुईस हे मिसिसिपीच्या पश्चिम तीरावरचं शहर, आगबोटींच्या जिवावर मोठं झालेलं. १८६० च्या जनगणनेत त्याची वस्ती १,६०,७७३ होती आणि शिकागोची १,१२,१७२. पण शिकागोकडे रेल्वे होती. १८५६ मध्येच रॉक आयलंडला मिसिसिपीवर रेल्वेचा पहिला पूल झाला आणि पश्चिमेचं धान्य, गुरं उत्तरेच्या वाटेने शिकागोला वळायला लागली. त्यात १८६१ ला यादवी युद्ध पेटलं. या युद्धाने मुंबईत कापसाचा पैसा पुरासारखा आणला. सेंट लुईसचा दक्षिणेकडचा नदीव्यापार मात्र गोठवला. युद्ध संपलं तेव्हा पूर्वेकडच्या रेल्वेगाड्या इलिनॉयच्या काठावर येऊन थांबत होत्या आणि माल फेरीबोटीवर चढवून पलीकडे न्यावा लागत होता. हिवाळ्यात नदीत बर्फ आला की तेही बंद. फेरीचा मक्ता विगिन्स फेरी कंपनीकडे होता, पूर्व काठावरची जमीनही बरीचशी तिचीच. पूल होऊ नये असं वाटणाऱ्यांची गावात कमी नव्हती.

ईड्सने तोवर एकही पूल बांधलेला नव्हता. अभियांत्रिकीचं शिक्षणही नव्हतं. त्याने काढलेली होती बुडालेली जहाजं. व्हिस्कीचं एक मोठं पिंप उलटं करून त्याने पाणबुड्याची घंटा बनवली आणि तिच्यात बसून तो स्वतः मिसिसिपीच्या तळावर उतरत असे. युद्धात त्याने काही महिन्यांत सात चिलखती नौका बांधून दिल्या, त्यामुळे लोखंड आणि कंत्राटं या दोन्हींची त्याला ओळख होती. पण या प्रकरणात त्याचं खरं भांडवल म्हणजे नदीच्या तळाचा अनुभव. पुराच्या दिवसांत साठ-पासष्ट फूट खाली उतरला असताना त्याच्या पायाखालची वाळू निदान तीन फूट खोलीपर्यंत वाहत होती. वर पाणी वाहतंय आणि खाली जमीनच वाहतेय. ही गोष्ट नकाशावर दिसत नाही.

अडचण

काँग्रेसने १८६६ च्या कायद्यात पुलाला परवानगी दिली, पण आगबोटवाल्यांच्या दबावाखाली अट घातली: एक तरी गाळा (दोन खांबांमधली मोकळी जागा) ५०० फुटांचा हवा, नाहीतर दोन गाळे प्रत्येकी ३५० फुटांचे, आणि खालून बोटी जातील एवढी उंची. ही अट घालणाऱ्यांची समजूत अशी होती की ५०० फुटांचा गाळा कोणी बांधणार नाही. समजूत चुकीची म्हणता येणार नाही, कारण तेव्हा अमेरिकेत एवढ्या लांबीची कमान कुठेच नव्हती.

त्याशिवाय नदीचा खडक सपाट नाही. पश्चिमेला तो बऱ्यापैकी वर आहे आणि पूर्वेकडे उतरत उतरत शंभर फुटांपलीकडे जातो. म्हणजे एकाच पुलाचा एक पाय गुडघाभर आणि दुसरा गळ्यापर्यंत.

आणि पैसा. शहराच्या व्यापाऱ्यांकडे हौस होती, पण एवढी रक्कम न्यूयॉर्क आणि लंडनमधूनच उभी राहणार होती. लंडनचा सावकार अभियंत्याला विचारतो ते एकच: याआधी असं कुठे केलंय?

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय लुशियस बूमर या शिकागोच्या पूल-कंत्राटदाराचा. घडीव लोखंडाचे ट्रस (दांड्यांचे त्रिकोणी जोडलेले सांगाडे), एकही गाळा ३५० फुटांपेक्षा मोठा नाही, पाया जमेल तितका खोल. ऑगस्ट १८६७ मध्ये बूमरने अभियंत्यांची एक परिषद बोलावली आणि तिने निकाल दिला की ५०० फुटांच्या गाळ्याला अभियांत्रिकीत दाखला नाही. आपल्याकडे लग्नाच्या बोलणीत मुलीकडचे आपलाच भटजी आणतात, तशी ती परिषद होती. तरी तिचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या खोटं नव्हतं.

दुसरा पर्याय झुलत्या पुलाचा. ओहायो नदीवर सिनसिनाटीला जॉन रोबलिंगचा झुलता पूल नुकताच, १८६७ च्या सुरुवातीला, पूर्ण खुला झाला होता. पण आगगाडीचं जड, हलतं ओझं पेलायला झुलता पूल पुरेसा ताठ असतो यावर बऱ्याच अभियंत्यांचा विश्वास नव्हता. ईड्सचाही नव्हता.

तिसरा ईड्सचा स्वतःचा: तीन कमानी, मधली ५२० फूट, बाजूच्या ५०२ फूट, खाली रेल्वे आणि वर रस्ता. पाये थेट खडकावर. कमानी पोलादाच्या.

हिशेबासाठी त्याने हेन्री फ्लॅड आणि चार्ल्स फायफर या जर्मन अभियंत्यांना घेतलं. ऱ्हाईनवर कोब्लेंझला झालेल्या लोखंडी कमानींचा अनुभव त्यांच्या देशात होता. गणित पुन्हा तपासायला वॉशिंग्टन विद्यापीठाचे कुलपती विल्यम शोव्हने यांना सांगितलं. स्वतःला येत नाही ते येणाऱ्यांकडून करून घेणं आणि तेही तिसऱ्याकडून तपासून घेणं ही या माणसाची सवय पुढे सगळीकडे दिसते.

पेनसिल्व्हेनिया रेल्वेशी जवळीक असलेल्या कीस्टोन ब्रिज कंपनीचे जेकब लिनविल सुरुवातीला सल्लागार होते. त्यांनी आराखडा बघितला आणि असुरक्षित, अव्यवहार्य असा शेरा मारून नाव मागे घेतलं. गंमत अशी की पुढे पुलाच्या वरच्या बांधकामाचं कंत्राट याच कीस्टोनला मिळालं. कीस्टोनमागे पुढे पोलादाचा बादशहा झालेला अँड्र्यू कार्नेगी होता आणि पुलाचे कर्जरोखे लंडनचा सावकार ज्युनियस मॉर्गन याला विकण्याचं काम कार्नेगीनेच केलं. कंत्राटदार आणि दलाल एकाच घरचे. बूमरचा गट १८६८ मध्ये ईड्सच्या कंपनीत विलीन करून घेण्यात आला.

निर्णय पहिला: खडकापर्यंत

ईड्स खडकावर अडून राहिला त्याचं कारण वर आलंच आहे. बोटीवरून दोर सोडून खोली मोजणाऱ्या माणसाला वाळू स्थिर वाटते. ईड्स त्या वाळूवर उभा राहिलेला होता.

१८६९ मध्ये प्रकृतीसाठी तो युरोपात गेला आणि फ्रान्समध्ये विशी या गावी त्याने दाबलेल्या हवेचे कॅसन बघितले. खालून उघडी, वरून बंद अशी लोखंडी पेटी नदीत उतरवायची, आत हवा दाबून पाणी बाहेर ठेवायचं, आत माणसं वाळू उपसतात, वर गवंडी दगड रचतात आणि त्या दगडांच्या वजनाने पेटी खाली खाली बसते. आपल्याकडे विहीर पाडून पाया घेतात, तिचाच हा बंद अवतार. ईड्सने परतल्यावर आपला आधीचा उघड्या बांधाचा बेत टाकून दिला आणि फ्रान्समध्ये बघितलं त्याच्या कितीतरी खोल कॅसन न्यायचं ठरवलं. वाळू वर फेकायला त्याने पाण्याच्या झोतावर चालणारा पंपही तयार केला. तंत्र यशस्वी झालं. पूर्वेकडचा पिअर, म्हणजे नदीतला खांब, फेब्रुवारी १८७० अखेर सुमारे ९३ फूट खोल खडकाला टेकला.

माणसांचं तेवढं जमलं नाही. साठ फुटांपर्यंत किरकोळ तक्रारी होत्या. त्याखाली गेल्यावर बाहेर आलेल्या मजुरांचे सांधे आखडू लागले, पाय लुळे पडू लागले, पोटात मुरडा येऊ लागला. त्या काळी बायकांत पुढे झुकून चालायची एक फॅशन होती, ग्रीशियन बेंड नावाची; वाकून चालणाऱ्या सोबत्यांना मजूर तेच नाव देऊन हसत. अजूनही पाणबुडे या आजाराला बेंड्सच म्हणतात. मग माणसं मरायला लागली. काहींनी मनगटाला आणि घोट्यांना जस्त आणि चांदीचे पट्टे बांधले, त्यात गुण आहे असा समज पसरला होता.

ईड्सचे घरचे डॉक्टर अल्फॉन्स जॅमिने स्वतः खाली उतरून आले, फार घाईने दाब सोडून बाहेर पडले आणि काही तासांत लुळे झाले. ते वाचले. त्यानंतर त्यांनी नियम बसवले: खोलीप्रमाणे पाळी आखूड, शेवटी शेवटी एकेक तासाची; दाब चढवताना आणि उतरवताना सावकाशी; विश्रांती आणि नीट जेवण; काठाला एक तरंगतं रुग्णालय. त्यांनी ठरवलेला वेग आजच्या हिशेबाने अजून फार जास्त होता. रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात हे पॉल बेअर या फ्रेंच शास्त्रज्ञाने छापलं ते १८७८ मध्ये. तरी नियमांचा फरक पडला. सर्वात खोल पाया होता पूर्व काठावरच्या टोकाच्या आधाराचा, म्हणजे अ‍ॅबटमेंटचा, आणि तिथे या आजाराने एकच माणूस गेला. तिथे मजुरांना वर यायला पाळणाही बसवला होता. त्याआधीची माणसं शंभरेक फूट खोलातून पाळी संपवून, अंगातली हवा अजून सुटत असताना, गोल जिना चढून वर येत होती.

एकूण डझनभराहून अधिक मृत्यू झाले. जॉन रोबलिंगचा मुलगा वॉशिंग्टन रोबलिंग हे काम बघून गेला आणि न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाला त्याने पुन्हा कॅसनच वापरले. १८७२ मध्ये तो स्वतः याच आजाराने जायबंदी झाला. म्हणजे कॅसनचं तंत्र एका साइटवरून दुसरीकडे पोचलं, डॉक्टरचे नियम त्याच वेगाने पोचले नाहीत. मला हा या प्रकरणातला सर्वात अस्वस्थ करणारा भाग वाटतो.

निर्णय दुसरा: पोलाद, आणि ते मोजून

प्रत्येक गाळ्याची मोठी कमान म्हणजे शेजारी शेजारी चार कमानी. प्रत्येक कमानीत एकावर एक अशा दोन नळ्या, मध्ये १२ फुटांचं अंतर आणि आडव्या-तिरप्या दांड्यांची जाळी. नळीचा व्यास १८ इंच. एवढी जाड नळी ओतून किंवा लाटून काढणं तेव्हा शक्य नव्हतं, म्हणून प्रत्येक नळी सहा लांब पट्ट्यांची, वरून पातळ पोलादी पत्र्याचं वेष्टण. पिंपाच्या फळ्या कड्यात बसवतात तसंच. पिंपात बसून नदीच्या तळाला गेलेल्या माणसाला ही कल्पना सुचावी हे शोभून दिसतं. पट्ट्या भरल्या सहा हजारांहून जास्त.

इथे बेसेमरचं पोलाद का नाही, हा प्रश्न नेहमी येतो. बेसेमरची भट्टी मिनिटांत टनावारी पोलाद देत असे, पण एका घाण्याचा गुण दुसऱ्या घाण्याशी जुळेल याची खात्री नसे. रुळाला ते चालतं. रूळ मोडला तर बदलता येतो. कमानीतली पट्टी नाही बदलता येत. म्हणून ईड्सने मुशीतलं पोलाद घेतलं: लहान मुशी, कमी माल, महाग, पण हाताखालचा.

आणि त्याने करारात आकडा लिहिला. पट्टीने चौरस इंचाला ६०,००० पौंड दाब आणि ४०,००० पौंड ताण सोसला पाहिजे, कायमचा वाक न येता. प्रत्येक भाग तपासून घेतला जाईल. नापास झाला तर परत. त्या काळी लोखंड विकलं जायचं ते कारखान्याच्या नावावर आणि ओतणाऱ्या उस्तादाच्या शब्दावर. उस्ताद तुकडा मोडून, दाणा बघून, ठोकून आवाज ऐकून सांगायचा की माल चांगला आहे. ईड्सला आवाज ऐकायचा नव्हता.

फ्लॅडने तपासणीचं यंत्र बांधलं आणि ते फिलाडेल्फियात कारखान्याजवळच ठेवलं. त्यात आरसा आणि प्रकाशाची तिरीप वापरून केसाहून बारीक ताण मोजता येत होता. मालाचा ठेका कीस्टोनने फिलाडेल्फियाच्या विल्यम बुचर स्टील वर्क्सला दिला. बुचरचे लांब अँकर बोल्ट यंत्रावर चढले आणि तुटले. पुन्हा केले, पुन्हा तुटले. कार्बन पोलादाच्या पट्ट्याही आकड्याला पोचेनात. मग ईड्सने ब्रुकलिनच्या क्रोम स्टील कंपनीचा पर्याय आणला, ज्युलियस बाउरच्या पेटंटचं क्रोम मिसळलेलं पोलाद, आणि बुचरला ते परवान्याने करायला लावलं. काही पट्ट्या पास व्हायला लागल्या, पण वेळापत्रक कोसळलं. काही जोड शेवटी घडीव लोखंडाचे करावे लागले.

कार्नेगीची बाजूही ऐकायला हवी. त्याच्या दृष्टीने कीस्टोनने पूल बांधायचं कंत्राट घेतलं होतं, धातुशास्त्राची प्रयोगशाळा चालवायचं नाही. उशीर व्हायचा तो मालामुळे, माल अडायचा तो नियमांमुळे, आणि नियम लिहिणारा माणूस एक इंचही हलायला तयार नाही. कोणत्याही साइटवर कंत्राटदार आणि सल्लागार यांच्यात आजही हेच भांडण चालतं, फक्त आता विषय काँक्रीटचे क्यूब, म्हणजे तपासणीसाठी ओतलेले ठोकळे असतात. २८ दिवसांनी क्यूब फुटला आणि आकडा कमी आला की दोन्हीकडचे चेहरे बघावेत.

बुचरच्या कारखान्याचं पुढे काय झालं हे बघण्यासारखं आहे. तो डबघाईला आला, विल्यम सेलर्सच्या हाताखाली गेला आणि १८७२ मध्ये मिडवेल स्टील वर्क्स झाला. तिथे रसायनशास्त्र शिकलेली माणसं आली आणि घाणा मोजून काढायची सवय लागली. याच मिडवेलमध्ये १८७८ साली फ्रेडरिक टेलर नावाचा तरुण कामाला लागला आणि कारखान्यातली कामं घड्याळ लावून मोजायला लागला. त्याच्यामुळेच वैज्ञानिक व्यवस्थापन हे प्रकरण जगभर पोचलं. ईड्सच्या आकड्याने टेलर घडवला असं मी म्हणणार नाही. पण मोजल्याशिवाय माल नाही ही अट त्या कारखान्याच्या दारात टेलरच्या आधी येऊन बसली होती, एवढं खरं.

निर्णय तिसरा: नदी न अडवता कमान मिटवणं

कमान बांधताना खालून लाकडी आधार देतात. मिसिसिपीत आगबोटींची वाट अडवता येत नव्हती. म्हणून फ्लॅडच्या योजनेप्रमाणे प्रत्येक पिअरवर मनोरे उभे करून तिथून दोरखंडांनी कमानीचे अर्धे भाग हवेत तोलून धरायचे आणि दोन्हीकडून एकमेकांकडे वाढवत न्यायचे असं ठरलं. एवढ्या मोठ्या कमानीसाठी ही पद्धत नवीन होती.

सप्टेंबर १८७३ च्या मध्याला पहिल्या कमानीचे दोन हात समोरासमोर आले. मध्ये शेवटच्या नळीसाठी जी जागा हवी होती ती दोनेक इंच कमी. उन्हाने पोलाद ताणलं होतं. ईड्स लंडनला होता, साइटवर फ्लॅड. आणि मॉर्गनच्या पेढीशी करार असा की १९ सप्टेंबरपर्यंत कमान मिटली तर पाच लाख डॉलरचं कर्ज, नाहीतर नाही.

फ्लॅडने नळ्यांभोवती पन्हळी बांधून टनावारी बर्फ भरला. पोलाद आखडलं, पण पुरेसं नाही. शेवटी त्याने ईड्सने आधीच बनवून ठेवलेला दुसरा तोडगा काढला: आट्यांचा सांधा, जो मधल्या कापलेल्या नळीत बसवून फिरवत लांब-आखूड करता येतो. १७ सप्टेंबरच्या रात्री कमान मिटली. समुद्राखालच्या तारेने लंडनला निरोप गेला.

१८ सप्टेंबरला फिलाडेल्फियात जे कुक अँड कंपनी ही पेढी बसली आणि १८७३ ची मंदी सुरू झाली. २० तारखेला न्यूयॉर्कचा शेअर बाजार बंद ठेवावा लागला. एक दिवसाचा फरक.

लोक बर्फाची गोष्ट रंगवून सांगतात, कारण ती दिसायला छान आहे. काम झालं ते आट्यांच्या सांध्याने, जो कोणाच्या लक्षात राहत नाही. उन्हाळ्यात मोजमाप चुकेल हे गृहीत धरून तो आधीच करून ठेवलेला होता.

जानेवारी १८७४ मध्ये आणखी एक प्रसंग आला. बांधणीवर देखरेख करणारा थिओडोर कूपर, जो एकदा याच पुलावरून नदीत पडून पोहत परत आला होता, त्याला दोन नळ्यांना तडे दिसले. ईड्स न्यूयॉर्कला होता. कूपरने रात्री तार केली. ईड्सने ताडलं की थंडीत कमान आखडतेय आणि वरचे दोर मात्र ताणलेलेच आहेत. उलट तारेने हुकूम गेला: दोर सैल करा, लगेच. दोर सैल झाले आणि कमान वाचली.

निष्पत्ती

मध्यंतरी आगबोटवाल्यांनी शेवटचा डाव टाकला होता. बोटींच्या उंच धुराड्यांना पूल आडवा येतो म्हणून १८७३ मध्ये सैन्याच्या अभियंत्यांची समिती बसली आणि तिने पूल बदलायला किंवा बाजूने कालवा काढायला सांगितलं. ईड्सने राष्ट्राध्यक्ष ग्रँटची गाठ घेतली. ग्रँट सेंट लुईसचा माहीतगार. प्रकरण तिथेच मिटलं.

१४ जून १८७४ ला पुलावरून एक हत्ती चालवला. हत्ती कच्च्या पुलावर पाय ठेवत नाही असा लोकांचा विश्वास होता. हत्तीने पाय ठेवला आणि गाव निश्चिंत झालं. अभियंत्यांनी २ जुलैला चौदा इंजिनं एकाच वेळी पुलावर उभी केली. ४ जुलैला उद्‌घाटन.

आणि मग पुलावरून गाड्याच येईनात. इलिनॉयमधल्या रेल्वे कंपन्यांना मिसूरीत धंदा करायची सनद नव्हती, पश्चिम तीरावर सगळ्यांना मिळून एक स्टेशन नव्हतं, आणि फेरीबोट स्वस्त पडत होती. १८७५ च्या वसंतात पूल कंपनीचं दिवाळं निघालं. १८७८ मध्ये पूल लिलावात वीस लाख डॉलरला गेला, त्याला लागलेल्या पैशाच्या एका अंशात, आणि घेणारे होते रोखेधारकांच्या बाजूचे मॉर्गन. १८८० च्या जनगणनेत सेंट लुईस ३,५०,५१८ आणि शिकागो ५,०३,१८५. शर्यत हरलेली होती.

शहर हरलं, भागधारक हरले, आणि देशाला पोलादाचा धडा मिळाला. कार्नेगीने १८७५ मध्ये ब्रॅडॉकला एडगर थॉमसन वर्क्स सुरू केलं, अलेक्झांडर हॉली या अभियंत्याने रचलेलं, रुळांसाठी, बेसेमर पद्धतीचं. १८६७ ला टनाला १६६ डॉलर असलेला पोलादी रूळ १८९८ पर्यंत १८ डॉलरच्या खाली आला. १८७९ मध्ये मिसूरीतच ग्लासगोला पूर्ण पोलादी ट्रसचा रेल्वेपूल झाला. १८८५ मध्ये शिकागोच्या होम इन्शुरन्स इमारतीच्या वरच्या मजल्यांत पोलादी तुळया बसल्या. १८७० ला अमेरिकेत सत्तर हजार टनांच्या आसपास पोलाद होत होतं, १९०० मध्ये एक कोटी टनांच्या वर. त्याच दरम्यान ब्रिटनमध्ये, जिथे बेसेमरने शोध लावला, तिथलं बोर्ड ऑफ ट्रेड हे सरकारी खातं १८७७ पर्यंत पुलात पोलाद वापरूच देत नव्हतं. नवीन पदार्थ कुठे जन्मला यापेक्षा त्याला कुठे नियम आणि गिऱ्हाईक मिळालं हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

काय वेगळं करता आलं असतं

पोलादाचा आकडा करारात घालण्याआधी बुचरच्या भट्टीतून चाचणीचे चार-सहा घाणे काढून घ्यायला हवे होते. ईड्सने आकडा आधी ठरवला, किंमत आणि मुदत आधी ठरली, आणि त्यानंतर कळलं की ती वस्तू अजून कोणी केलेलीच नाही. आकडा बरोबर होता. तो कुणाच्या खर्चाने गाठायचा हे लिहिलेलं नव्हतं, आणि तीन वर्षांची भांडणं तिथून आली.

तपासणीलाही राखण लागते. ब्रुकलिनच्या पुलाला जे. लॉइड हेग या ठेकेदाराने पास झालेल्या तारेऐवजी नापास तार गाडीत घालून पाठवली, १८७८ मध्ये ते उघडकीस आलं आणि रोबलिंगला जादा तारा घालून कसर भरून काढावी लागली. यंत्रापासून साइटपर्यंतच्या रस्त्यावर माणूस हवा. सेंट लुईसला हे काम कूपरसारखे निरीक्षक करत होते.

डॉक्टर आणि पाळणा पहिल्या पिअरपासून हवा होता. कॅसन फ्रान्समधून आणताना तिथल्या मजुरांना काय होतं हेही विचारता आलं असतं. खोल कॅसनमधल्या आजाराची फ्रेंच वर्णनं तेव्हा छापलेली होती. खोली हा विक्रम मानला गेला, धोका मानला गेला नाही. मजुरांच्या बाजूने बोलणारं कोणी टेबलावर नव्हतं.

रेल्वे कंपन्यांशी लेखी करार पायाभरणीआधी व्हायला हवे होते. पुलावरून कोण जाणार, किती भाड्याने, आणि पलीकडे उतरून थांबणार कुठे. सेंट लुईसच्या मंडळींनी धरून चाललं की पूल झाला की गाड्या येतीलच. भांडवलदार म्हणून कार्नेगीने त्यांना हे विचारायला हवं होतं. पण त्याचं कमिशन रोख्यांवर होतं आणि नफा लोखंडावर.

शेवटची नोंद कूपरविषयी. तो पुढे अमेरिकेतला पुलांचा नावाजलेला सल्लागार झाला आणि कॅनडात क्वेबेकच्या पुलाचं काम त्याच्याकडे आलं. वयामुळे आणि प्रकृतीमुळे तो न्यूयॉर्कमधून काम बघत होता. ऑगस्ट १९०७ मध्ये खालचे भाग वाकल्याची बातमी घेऊन साइटवरचा तरुण अभियंता स्वतः त्याच्याकडे आला. कूपरने तार केली की आणखी वजन चढवू नका, पण ती केली पेनसिल्व्हेनियातल्या कारखान्याला, साइटला नाही. २९ ऑगस्टला संध्याकाळी पाळी सुटायच्या सुमारास पूल कोसळला. ७५ माणसं गेली.